बारक्याचं माप

शर्ट अर्धा चढला आणि तिथंच थांबला. पुढं जाईना, मागं येईना. बाह्या कोपरांच्या वर येऊन घट्ट बसल्या, पाठीचं कापड दंडांवर ताणलं गेलं आणि दोन्ही हात पाठीमागं असे जखडले गेले की त्या घडीला कुणी खोलीत डोकावलं असतं तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, काय रे, काय चोरलंस? सकाळचे साडेआठ. खिडकीला पडदा नव्हता. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, आणि ती या बाजूला वळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. बारक्यानं खांदे हलवून बघितले. बगलेतली शिवण कुरकुरली. तो हलायचा थांबला. नव्या कापडाला इस्त्रीचा वास होता, त्याखाली शिलाईयंत्राच्या तेलाचा, आणि त्याच्याही खाली दादाच्या दुकानाचा म्हणून एक वास असतो, तो. अडकलेल्या माणसाला धीर देणं हा तर बारक्याचा धंदाच. तिकडं परदेशात तो लिफ्टा सांभाळतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली की वरच्या फटीतून तोंड घालून आत सांगायचं, घाबरू नका, उड्या मारू नका, मी आलोय. चोवीस वर्षं हे वाक्य त्यानं परक्या भाषेत सांगितलं होतं, इतक्या वेळा की बायको म्हणायची, झोपेतसुद्धा तेच बोलतोस. आता फटीतून तोंड घालायला कुणी नव्हतं. बाहेरून वहिनीनं विचारलं, भाऊजी, चहा गाळू का? त्यानं शक्य तेवढ्या मोकळ्या आवाजात गाळा म्हणून सांगितलं, भिंतीवरच्या खुंटीकडं पाठ केली, गुडघ्यात वाकून कॉलर खुंटीत अडकवली आणि देवाचं नाव न घेता खाली बसला. शर्ट वर राहिला, माणूस खाली आला. साप कात टाकतो म्हणतात, पण सापाला एवढा घाम येत नसावा.

तर हा बारक्या. वय एक्कावन्न, वजन शहाण्णव किलो. नाव पडलं तेव्हा तो सायकलच्या पंपाएवढा होता, आणि नाव एकदा पडलं की ते काही अंगाबरोबर वाढत नाही. बाप शिंपी, बापानंतर मोठा भाऊ शिंपी. हाही झाला असता, पण याचा हात एका जागी टिकायचा नाही आणि डोकं तर त्याहून नाही. सत्ताविसाव्या वर्षी तो निघाला तेव्हा विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी दादानं त्याला दुकानात उभं केलं आणि माप घेतलं. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, खांदा साडेसोळा. म्हणाला, तिकडं तयार कपडे घेऊ नकोस, ते कुणाचेच नसतात. त्या वर्षापासून दर वर्षी एक पार्सल, त्यात दोन शर्ट. पार्सलाला बाहेरून जाड कापड शिवलेलं, टाके असे की उसवताना वाईट वाटावं. पहिली दोन वर्षं शर्ट अंगावर असे बसले की लिफ्टच्या आरशात बघून तो स्वतःशीच शीळ घालायचा. तिसऱ्या वर्षी बटणं लागली पण श्वास घेता येईना. चौथ्या वर्षी बटणं आणि काजं एकमेकांकडं लांबून बघत राहिली. दादाचा फोन आला, बसले का? आणि बारक्या, ज्यानं आयुष्यभर कुणाला सरळ उत्तर दिलं नाही, त्यानं त्या दिवशीही दिलं नाही. म्हणाला, जसे काही अंगावरच शिवलेत. पलीकडं दादा हसला. दादा फारसा हसत नाही, त्यामुळं ते हसू बारक्यानं जपून ठेवलं, आणि दुसऱ्या वर्षी परत तेच हसू ऐकायला मिळावं म्हणून परत तेच सांगितलं. खोटं असं सुरू होतं. कुणी ठरवून बसत नाही.

मग दादा म्हणाला, फोटो पाठव. इथं बारक्याच्या अंगातली कला जागी झाली. त्यानं कात्री घेतली आणि शर्टाची पाठ मधोमध वरपासून खालपर्यंत फाडली. शर्ट पुढून घातला, पेशंटला ऑपरेशनच्या वेळी घालतात तसा, बटणं लावली, आणि मागून बायकोनं तो ताणून बनियनला चिमटे लावले, कपडे वाळत घालायचे. पुढून साहेब, मागून उघडं दुकान. फोटो झकास आला. पुढं पोरगी मोठी झाली तेव्हा फोटो ती काढायची. बरीच वर्षं तिचा समज होता की आपल्या घरात नवा शर्ट असाच घालतात. बायको दर वर्षी म्हणायची, सांगून टाक एकदाचं. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. अधेमधे घरी यायचा, चारेक वर्षांनी एकदा, दहा दिवस, बारा दिवस. त्या दहा दिवसांत सैल जाकीट घालायचं, शर्टाचं विचारलं तर ते तिकडं कामाला लागतात म्हणायचं. दहा दिवसांत माणूस काहीही लपवू शकतो. पाहुणा म्हणजे काय, दहा दिवसांचं नाटकच ते. पण या वेळी कंपनीनं साठलेली रजा एकदम घ्यायला लावली, घ्या नाहीतर गेली. बायकोला नोकरी, पोरीचं कॉलेज. तो एकटाच आला, चार महिन्यांसाठी. चार महिने फार मोठे असतात. तिसऱ्या आठवड्यात जाकीट काढावंच लागलं.

आणि जाकीट काढलं तरी कुणी काही म्हणालं नाही, इथंच त्याचं मन अडकलं होतं. घरात त्याला जुनी अरुंद कॉट दिली होती, तीच, भिंतीला लागून. तो कुशीवर वळला की कॉट भिंतीला विचारायची आणि भिंत नाही म्हणायची. टॉवेल लहान. जेवायला बसायचा स्टूल लहान. वहिनी ताटात वाढायची तेही सत्तावीस वर्षांच्या बारक्याला वाढावं तेवढं, आणि मग तो परत मागायचा तेव्हा तिला दर वेळी नव्यानं नवल वाटायचं. सहा आठवडे झाले, तरी या घरात एक किडमिडीत पोरगा राहत होता आणि बारक्या त्याच्याकडं उतरलेला कुणीतरी जाडा पाहुणा होता. कधीकधी त्याला त्या पोराचा राग यायचा. सगळे त्याच्याशीच बोलायचे. तुला आवडतं ना म्हणून केलंय, म्हणायचे, आणि ते त्याला आवडायचंच, म्हणजे त्या पोराला. बारक्या जेवून घ्यायचा.

दुकान घरापासून शंभर पावलांवर. एक खोली, दर्शनी काच, मध्ये कापायचं मोठं टेबल, त्याची कड तीस वर्षं कमरा टेकून टेकून गुळगुळीत झालेली. एका बाजूला वहिनीचं यंत्र, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकासाठी बाकडं. त्या बाकड्यावर बारक्या रोज जाऊन बसायचा, कारण घरी बसलं की घर त्याच्याकडं बघायचं. बाकड्याच्या बरोबर वर, फ्रेम करून, त्याचा फोटो लावलेला. पहिला, वीस वर्षांपूर्वीचा, तीन चिमट्यांचा. आणि दादा, जो सबंध दिवसात वीस वाक्यं बोलणार नाही, तो आल्या गिऱ्हाइकाला फोटो दाखवून सांगायचा, माझा धाकटा भाऊ, परदेशात असतो, इतकी वर्षं न बघता शर्ट शिवतोय, एक टाका बदलावा लागला नाही. गिऱ्हाईक फोटोकडं बघायचं, वा म्हणायचं, आणि मग खाली बाकड्यावर बघून विचारायचं, आणि हे कोण? एकानं तर बारक्याला विचारलं, तुम्ही यांचे काका का? बारक्या म्हणाला, लांबचा. तिथं हसला, पण घरी जाऊन तोंड धुताना आरशात बराच वेळ बघत राहिला.

काळजीचं कारण वेगळंच होतं. दादाची नजर. बापानं शिकवलेली, दादानं धारेला लावलेली. रस्त्यावरून माणूस चालला की दादा मान न उचलता म्हणायचा, अडतीस, उजवा खांदा उतरता. आणि तो माणूस आत आला, टेप लावली, की अडतीस, उजवा उतरता. कितीही बेमालूम पोट आत ओढा, दादाला कळायचं. दुकानाची एक जुनी रीत होती, बापाच्या वेळची. जाड्या गिऱ्हाइकाच्या पोटाचा आकडा मोठ्यानं सांगायचा नाही. दोन इंच कमी सांगायचे आणि शेवटी ‘मोकळं’ म्हणायचं, म्हणजे लिहिणाऱ्यानं दोन वाढवायचे. चार कमी सांगितले तर ‘हवेशीर’. लहानपणी माप लिहून घ्यायचं काम बारक्याचं. बाप म्हणायचा, पोट चाळीस, हवेशीर, आणि बारक्या चव्वेचाळीस लिहायचा, आणि साहेब खूश होऊन छाती काढून घरी जायचे. आता वहिनी लिहिते. तर अशा माणसासमोर बारक्या रोज सहा तास बसत होता, पोट मांडीवर घेऊन, आणि दादाची नजर मानेपर्यंत यायची आणि तिथून परत जायची. हा मला बघतो की नाही? बघत असेल तर बोलत का नाही? आणि बघतच नसेल तर? कारण दादाचा हात थरथरायला लागला होता. खडूची रेघ एकदा ओढली की तिच्याशेजारी दुसरी, भुतासारखी. फोनवर बारक्याला हे कधी कळलंच नव्हतं. आता आठवलं तर गेली दोन वर्षं दादा फोन हातात धरत नव्हता, बटणांच्या डब्याला टेकवून ठेवायचा. बारक्याला वाटलं होतं, चेहरा नीट यावा म्हणून. लिफ्टचा दोर झिजला तर आवाजावरून ओळखणारा माणूस हा. आणि इथं काही ओळखलं नाही. हात गेला, तशी नजरही गेली असेल, आणि नजरेच्या मागं जे असतं तेही, अशी एक भीती त्याच्या पोटात हलायची. पोट मोठं असलं की भीतीला जागाही भरपूर मिळते.

मग तो दिवस आला. रविवारी दुपारी दादा सहज काही सांगावं तसं सांगून गेला, की महिनाअखेरीला दुकान सोडतोय, चष्मेवाला घेतोय जागा, बोलणी झालीत. वहिनीला माहीत होतं, ती काजं करत राहिली. बारक्याला माहीत नव्हतं. दादानं कपाटातून एक घडी काढली, कागदातली. गडद निळं कापड, जवळ नेलं तर राखेच्या रंगाची बारीक रेघ दिसेल असं. म्हणाला, तू गेलास त्याच वर्षी घेतलंय, तू परत येशील तेव्हा कोट करू म्हणून. ते राहूनच गेलं. आता हात आहे तोवर एक शेवटचं कापतो, तुझा कोट. गुरुवारी बसू.  बारक्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माप? दादा घडी परत कागदात ठेवत म्हणाला, तुझं काय माप घ्यायचं, वहीत आहे की.

रविवार ते गुरुवार. चौतीसच्या मापानं ते कापड एकदा कापलं की संपलं. दादानं आयुष्यात कापलेलं शेवटचं कापड कुणाच्याच अंगात जाणार नाही, आणि ते ट्रायलला दादाच्याच डोळ्यांसमोर उघडं पडेल, हात मागं जखडून. सांगितलं तर वीस वर्षं उघडी पडतील, फ्रेमसकट. सोमवारी बारक्यानं जेवण सोडलं. वहिनीनं डॉक्टरांना बोलवायची भाषा केली तेव्हा परत धरलं, दुप्पट. मंगळवारी बायकोला फोन केला, ती म्हणाली, वीस वर्षं मी हेच सांगतेय, आणि पोरीला फोन दिला, पोरगी म्हणाली, बाबा, चिमटे घेऊन जायचे होते ना. बुधवारी सकाळी दादानं त्याला एक नवा शर्ट दिला, शेवटच्या पार्सलाचा म्हणून, तोच तो, खुंटीवर सोडवून घ्यावा लागलेला. आणि खुंटीखाली जमिनीवर बसल्या बसल्या बारक्याच्या डोक्यात जी आली ती युक्ती चाळीस वर्षं जुनी होती.

शाळेत असताना त्यानं एकदा बापाच्या मापवहीत हेडमास्तरांचं आणि त्यांच्या शिपायाचं माप अदलाबदल केलं होतं. हेडमास्तर ढेरपोटे, शिपाई म्हणजे छत्री. बक्षीस समारंभाच्या दिवशी दोघंही आपापली नवी विजार धरून स्टेजवर उभे, एकाची वर येत नव्हती, एकाची वर राहत नव्हती. बारक्या तिसऱ्या रांगेत इतका हसला की त्याला उचक्या लागल्या. संध्याकाळी बापानं पट्टी हातात घेतली तेव्हा दादा मध्ये येऊन म्हणाला, माझ्याकडून लिहिताना चुकलं. बारक्या त्या वेळी दाराआड उभा होता. सहा पट्ट्या त्यानं मोजल्या. बाहेर येऊन सांगावं असं प्रत्येक पट्टीला वाटलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता ही झाली, पुढची पडायच्या आत सांगू. नंतर दादा काही बोलला नाही. रात्रभर पालथा झोपला एवढंच. हे सगळं बारक्या हसण्यावारी सांगायचा तिकडं मित्रांत, हेडमास्तरांच्या विजारीपर्यंत. पट्ट्यांचं नाही सांगायचा.

दुपारी दादा जेवून घरी आडवा झाला तेव्हा तो दुकानात गेला, मापवही काढली, पेन घेतलं. चौतीसचे चव्वेचाळीस करायचे, अठ्ठावीसचे काय असेल ते. दादा वही बघून कापणार, कोट बसणार, शब्दही बोलावा लागणार नाही. पान उघडलं. बारक्या, असं वर लिहिलेलं. खाली एक ओळ असेल असं त्याला वाटलं होतं. चोवीस ओळी होत्या. दर वर्षी दादानं तारीख घालून माप पुन्हा लिहिलं होतं, जसा काही तो दर वर्षी येऊन समोर उभा राहिला होता. चौतीस, चौतीस, चौतीस. वरच्या ओळी कोरल्यासारख्या, खालचे आकडे थरथरलेले, शेवटचे तर ओळीच्या बाहेर सांडलेले. त्यात कुठला आकडा सुधारायचा? बारक्या पेन धरून बसून राहिला. मागून वहिनी म्हणाली,

“या वेळी कुणाची विजार, भाऊजी?”

तो दचकला नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. वहिनी आत आली, पेन त्याच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं. ती या घरात आली ती विजारीची गोष्ट होऊन गेल्यावर, पण घरातल्या गोष्टी सुनेलाच जास्त पाठ असतात. यंत्रापाशी बसत ती म्हणाली, दोरा ओवत, त्याच्याकडं न बघता,

“हे रोज घरी आल्यावर मला विचारतात. बारक्या काही बोलला का. सहा आठवडे झाले, मी रोज सांगते, नाही बोलले.”

गुरुवारी टेबलावर कापड पसरलेलं होतं. निळा रंग उन्हात रविवारपेक्षा उजळ दिसत होता. दादानं कडा सारख्या केल्या, तळहातानं सुरकुती काढली, खडू घेतला. बारक्या बाकड्यावरून उठला.  खडू कापडाला टेकायला वीतभर अंतर होतं.

“दादा, थांब. मला चौतीस येत नाही.”

दादा थांबला. “कधीपासून?”

“एकोणीस वर्षं झाली.”

“वीस,” दादा म्हणाला. खडू खाली ठेवला आणि भिंतीवरच्या फोटोकडं हनुवटी केली. “त्यात बाजूच्या शिवणी पुढं आल्यात. आंधळ्या शिंप्यालाही दिसेल. मागून काय लावलं होतंस, टाचण्या?”

“चिमटे.”

“किती?”

“त्या वेळी तीन. आता सात लागतात.”

वहिनीचं यंत्र थांबलं. ती तोंडाला पदर लावून खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. बारक्यानं विचारलं, मग हा फोटो? तेव्हा दादानं त्याच कोरड्या आवाजात सांगितलं की फोटो त्यानं लावला तो बारक्या येणार त्याच्या आदल्या दिवशी, मुद्दाम बाकड्याच्या वर. गिऱ्हाइकांपुढं ती बढाई मारायचा तीही बारक्या बसलेला असेल तेव्हाच. त्याचा अंदाज होता की दोन दिवसांत हा शरमेनं कबूल होईल. दोनाचे चाळीस दिवस झाले. मग काल नाइलाजानं तेहतीसचा शर्ट शिवून दिला. बारक्या टेबलाची कड धरून उभा होता. आयुष्यभर त्यानं लोकांच्या खुर्च्या ओढल्या, आणि याच्याखालची खुर्ची कुणी सहा आठवडे इंच इंच सरकवत होतं. त्याला हसू यायला हवं होतं. आलंही, पण वर येता येता त्याचं दुसरंच काहीतरी झालं. तो म्हणाला, तू का नाही बोललास? दादानं कापडावरचा नसलेला धागा उचलला.

“गिऱ्हाईक सांगेल ते माप कापायचं, त्याला खोटं पाडायचं नाही. बाबांची रीत आहे. पहिली दोनतीन वर्षं मजा वाटली. मग वाटलं, सांगत नाही म्हणजे आपल्याला सांगण्यासारखं काही ठेवलेलं नाही यानं. पण पार्सल थांबवलं असतं तर तेवढंही राहिलं नसतं.”

“आज मी बोललो नसतो तर?”

“कापलं असतं,” दादा म्हणाला. “चौतीसनं.”

 मग दादानं गळ्यातली टेप काढली. बारक्यानं हात वर केले. छातीचं माप घ्यायचं तर शिंप्याला पाठीमागून टेप आणावी लागते, दोन्ही हात माणसाभोवती घालून, आणि माणूस रुंद असेल तर जवळ यावं लागतं. दादा जवळ आला. त्याचं डोकं बारक्याच्या हनुवटीशी आलं, केस पांढरे, विरळ, तेलाचा वास तोच. हे दोघं भाऊ विमानतळावरसुद्धा कधी गळ्यात पडले नव्हते, खांद्यावर चापट मारायचे आणि बॅगांचं बोलायचे. टेपेचं टोक दादाच्या बोटांत थरथरत होतं, आकडा वाचता येईना. बारक्यानं हात खाली करून ते टोक आपल्या छातीवर दाबून धरलं, दादाच्या बोटांसकट. बोटं हलायची थांबली. दादानं आकडा सांगितला. मग पोट. बारक्यानं सवयीनं श्वास आत ओढला होता, दादा टेप धरून नुसता उभा राहिला, घाई नसल्यासारखा, जोवर तो सोडावाच लागला नाही तोवर. पोट पंचेचाळीस, दादा म्हणाला. मोकळं नाही, हवेशीर नाही. वहिनीनं काही न वाढवता लिहिलं.

मग दादानं कापडावर पट्टी फिरवली, एकदा उभी, एकदा आडवी, आणि मान हलवली. त्याला हेही आधीच माहीत होतं. तीन वेळा मांडून बघितलं होतं त्यानं, कॉलरखाली जोड दिला तरी एक बाही कमी पडत होती. पावणेदोन मीटर कापड, चौतीसच्या माणसासाठी घेतलेलं. ते ताणून मोठं होत नाही. बारक्या त्या निळ्या कापडाकडं बघत राहिला. हे आपलं होतं, अगदी आपल्यासाठी घेतलेलं, आणि आपण आलोच नाही. त्याच्या जागी भलताच माणूस आला. दादा कापडाची घडी करायला लागला होता, मध्येच थांबून त्यानं विचारलं, मग ते शर्ट कुठं गेले? फाडले ते फोटोचे, दुसरे?

बारक्यानं सांगितलं. कामावर एक आहे जोडीदार, लिफ्टच्या उभ्या बोगद्यात याच्याबरोबर उतरतो, त्याला हा काडी म्हणतो. दर वर्षी एक शर्ट काडीला जायचा. ग्रीसनं माखलेल्या त्या भोकात काडी असा उतरायचा की वरून बघणाऱ्याला वाटावं, मालकच आला. दादानं घडी टेबलावर ठेवली. बसतात त्याला? त्यानं विचारलं, आणि आवाज आता भावाचा नव्हता, शिंप्याचा होता. बारक्या खरं बोलायला लागलाच होता, तर पुढंही बोलला.

“एक टाका बदलावा लागला नाही.”

दादाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बारक्याला लांबून, वीस वर्षं, फोनच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. बघायला आज मिळालं. मग दादा विचारतच सुटला. उजवा खांदा उतरतो का त्याचा? मान लांब आहे का? चालताना हात पुढं राहतात की मागं? बारक्याला यातलं एकही सांगता येईना, एकोणीस वर्षं शेजारी काम करून. दादा म्हणाला, उतरत असणार, नाहीतर बगल ओढली असती. घडी परत उघडली. कोट काडीचा होणार हे कुणी मोठ्यानं म्हणालंच नाही. बारक्याला लहान पोरासारखं म्हणावंसं वाटलं, माझा आहे तो, आणि एक्कावन्न वर्षांच्या माणसाला ते गिळावं लागतं. त्यानं पट्टी कापडावर दाबून धरली. दादानं तिच्या कडेनं खडू ओढला. रेघ एकच उमटली. मग कात्री. जाड कापडात पहिला चावा घेताना ती एकदा अडखळली, आणि मग तो करकर आवाज सुरू झाला, आणि दादाचा हात सरळ गेला, खांद्याच्या वळणाशी वळला, परत सरळ. अर्धा तास तिघंही कापडाकडं बघत होते. वहिनी शेवटी म्हणाली, आणि भाऊजींचं हो? दादानं कापलेली बाही बाजूला ठेवली, मान वर न करता.

“त्याचं माप लिहिलंयस ना? मग त्याला म्हणावं, कापड घेऊन ये. दुकान चष्मेवाल्याला देतोय, हात नाही देत.”

सहा आठवड्यांत या घरातून त्याला कुणी कामाला धाडलेलं नव्हतं. पाहुण्याला कोण धाडतं? बारक्या उठला, काय आणायचं, कसलं आणायचं विचारलं, तर दादा म्हणाला, आता ते पण मीच सांगू का. तो बाहेर पडला. ऊन होतं. रस्त्यावरच्या काचांमध्ये एक जाडा माणूस त्याच्याबरोबर चालत होता, प्रत्येक दुकानात, आणि बारक्या त्याला वाट देत नव्हता की टाळत नव्हता. चौकापलीकडं कापडाचं मोठं दुकान होतं, आत ही गर्दी. त्यानं तीन गठ्ठे उलगडायला लावले, मातकट रंगाचा एक निवडला, बोटांत चोळून बघितला, दादा बघतो तसा, कळलं काही नाही. विक्रेत्यानं मीटरची पट्टी उचलली आणि विचारलं, कशासाठी? कोटासाठी. कुणाच्या अंगाचा? आजूबाजूला सातआठ माणसं, दोन बायका.

“माझ्याच,” बारक्या म्हणाला. “छाती चव्वेचाळीस, पोट पंचेचाळीस. सव्वादोन मीटर द्या.”

विक्रेत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग काउंटरवरून वाकून बाजूनं बघितलं, आणि पट्टी कापडावर ठेवत म्हणाला, “अडीच घ्या.”

बारक्यानं अडीच घेतलं.